‘संपर्क नाही’च्या रकान्यातली माणसं

हैदराबादच्या ज्या कॅन्सर दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथं माणसं कधी येत नाहीत. येतात ते त्यांच्या गाठींचे तुकडे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, की रुग्णाच्या संमतीनं गाठीचा हरभऱ्याएवढा भाग गोठवून ठेवतात. त्यातून डीएनए आणि आरएनए वेगळं काढायचं, हे माझं काम. प्रथिनं मोजणारी मंडळी शेजारच्या खोलीत बसतात.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन गाठी अगदी सारख्या दिसतात. तरी एक माणूस घरी जाऊन सुखानं शेती करतो आणि दुसऱ्याचा आजार वर्ष-दोन वर्षांत उलटतो. असं का होतं, ते आम्हाला आधी ओळखता यायला हवं होतं. जनुकांतले बिघाड एक सांगतात, कोणती जनुकं किती जोरात चालू आहेत ते दुसरं सांगतं, प्रथिनं आणखी तिसरंच. ही तिन्ही माहिती एकत्र ठेवून संगणकाला अंदाज बांधायला शिकवायचं, असा आमचा प्रयत्न होता. पण शिकवायचं तर त्या रुग्णांचं पुढं काय झालं, हे ठाऊक पाहिजे.

गाडं तिथंच अडलं. एका बैठकीत आकडेमोड सांभाळणारे आमचे सहकारी पडद्यावरची यादी दाखवून म्हणाले, “यांची पुढची माहितीच नाही. हे नमुने काढून टाकू या.” नावं झाकलेली होती, तालुके दिसत होते. औराद. हुमनाबाद. अफझलपूर. प्रत्येकापुढं एकच शेरा: ‘संपर्क नाही’.

मी कर्नाटकाच्या सीमाभागातल्या औराद तालुक्यातल्या चिंताकीची. ती यादी बघून माझ्या मनाला लागलं. बैठकीत मी सहसा तोंड उघडत नसे, त्या दिवशी उघडलं. “मॅडम, यांना काढू नका. मी शोधते.”

आमच्या प्रमुख मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “फोन करून झालेत. कुणी नीट बोलतच नाही.”

“इंग्रजीत बोलल्यावर कसे बोलतील? मला त्यांची भाषा येते.”

मॅडमनी दवाखान्याच्या नीतिसमितीची रीतसर परवानगी काढली आणि नावांसकट यादी माझ्या हातात दिली. सकाळी प्रयोगशाळेतलं काम आवरायचं आणि दुपारी फोन लावत बसायचं, असा क्रम सुरू झाला. पहिल्याच फोनवर एक दरडावणीचा आवाज आला, “कोण? कामून फोन करायलाव सारखं?”

“अण्णा, मी चिंताकीची हाय. मास्तरांची पोरगी. दवाखान्यातून बोलायलेय.”

पलीकडचा सूर बदलला. मग, “आगं, मग आधी सांगायचं न्हाई व्हय!” आणि पुढं अर्धा तास तब्येत, पाऊस, जावई, सगळं.

फोनवर बहुतेकांचा पत्ता लागला. जे उरले, त्यांच्यासाठी मी सुट्ट्या काढल्या. हुमनाबादजवळ हायवेला लागून ढाबा चालवणाऱ्या एका गृहस्थांचं नाव होतं. ढाब्यावर त्यांची बायको भेटली. ते गेले होते. तिनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली सगळी फाईल आणून दिली. ते गेल्याचा महिना आणि वार तिला तोंडपाठ होता. मी लिहून घेतलं, तर म्हणाली, “लिव्हा अक्का. त्येंचं बी लिव्हा. वाया नगं जायला.”

अफझलपूर तालुक्यातल्या करजगीला जायचं मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. तिथल्या बाईंच्या गाठीतले जनुकांचे बिघाड मीच बघितले होते आणि नुसत्या त्यांच्यावरून पाहिलं तर आजार लवकर उलटेल असंच वाटत होतं. फोन बंद. मनातून मी त्यांना संपवून टाकलं होतं, हे आज कबूल करायला हवं.

घराला कुलूप होतं. शेजारणीनं शेताकडं हात केला. बांधावरून बघितलं, तर एक बाई कापलेल्या तुरीच्या पेंढ्या बांधत होत्या. मला बघून त्यांनी आधी कानडीत विचारलं, “यार्री?” म्हणजे कोण. मी मराठीत नाव घेतलं त्यांचं, तर म्हणाल्या, “मीच की. काय काम हाय?”

मी दवाखान्याचं सांगितलं तशा त्या खळखळून हसल्या. “मी हाय का गेले ते बघायला आलीस व्हय?”

“व्हय अक्का,” मी खरं तेच सांगितलं.

बांधावर बसून त्यांना सगळं समजावलं. फोन पाण्यात पडून नंबर बदलला होता, एवढंच. त्या तिथून जवळच्या कलबुर्गीच्या दवाखान्यात तपासण्या करून घेत होत्या आणि सगळं ठीक होतं. मी पुन्हा संमती विचारली, तेव्हा त्यांनी अंगठा नाही, सही केली, सावकाश, पूर्ण नावानिशी. “माझ्यावरून दुसऱ्याचं कळत असंल, तर ठिव तो तुकडा.”

सापडलेल्या माणसांचं पुढं काय झालं, ही माहिती आमच्या सहकाऱ्यांनी संगणकापासून मुद्दाम लपवून ठेवली. परीक्षा त्यांच्यावरच घ्यायची होती. नुसत्या जनुकांच्या माहितीवर संगणक बऱ्याच जणांच्या बाबतीत चुकला, करजगीच्या अक्कांच्याही. तिन्ही माहिती एकत्र दिल्यावर त्यानं अक्का बऱ्या राहतील, असं सांगितलं. ढाब्यावरच्या गृहस्थांच्या बाबतीत मात्र तो तेव्हाही चुकला, त्यांना त्यानं सुखरूप ठरवलं होतं. यावरून कुणाचं औषध ठरवायला अजून वेळ आहे, असं मॅडम सगळ्यांना बजावतात, आणि ते बरोबरच आहे.

पण निकाल मांडायच्या दिवशी त्यांनी भरल्या सभागृहात मला उभं केलं. “ही परीक्षा झाली ती हिच्यामुळं,” म्हणाल्या. नमुने काढून टाका म्हणणारे सहकारी सर्वांत आधी टाळ्या वाजवायला लागले. माझी मान ताठ झाली होती, आणि ती तशीच ठेवली मी.

आता दवाखान्यात रुग्णांशी नंतर बोलत राहण्यासाठी वेगळं टेबल आहे. तिथं बसणाऱ्या दोघींना कानडी, मराठी आणि दखनी तिन्ही येतात. निवड मी केली. दोघी आमच्याच सीमाभागातल्या: एक भालकीची आहे, दुसरी आळंदची.