फिटरकाका आणि डाव्या हाताचं बोट

आपल्या लोकशाहीचे सगळे खांब एखाद्या दिवशी खचले, तरी काळेवाडीतल्या आमच्या चार मजली इमारतीपुरती ती काही पडायची नाही, कारण तळमजल्यावर फिटरकाका राहतात. ते तिला टेकू लावतील, पट्टीनं मोजतील, आणि आधी होती त्यापेक्षा अर्धं सूत सरळ उभी करतील. हे मी कौतुकानं लिहितोय, पण लिहिताना मान खाली आहे. का आहे ते सांगायलाच बसलोय, तेव्हा सांगतोच.

काका एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं फिटर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण साडेपाचला दाढी आणि साडेअकराला जेवण हा फर्स्ट शिफ्टचा क्रम त्यांनी मोडलेला नाही. लोक खिशाला पेन लावतात, काका सहा इंची स्टीलची पट्टी लावतात. आमच्या जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, उंच आहे, हा शोध त्यांचाच. तोवर आम्ही सगळे त्या जिन्यानं बिनघोर चढत होतो. त्यांनी सांगितल्यापासून प्रत्येक जण तिथं ठेचकाळतो. कुणाकडे भिंतीवर फोटो लावायचा असला की काका बाहेर गेल्यावरच खिळा ठोकायचा, असा बिल्डिंगचा अलिखित नियम आहे. कारण ते आले की फोटोची चौकट मुळात काटकोनात नाही हे आधी सिद्ध होतं, मग चहा होतो, आणि फोटो पलंगावरच राहतो. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे तयार झालेले जॉब तपासून पास नाहीतर रिजेक्ट करतो. कारखान्यात फिटर आणि इन्स्पेक्टर म्हणजे सासू-सून. एकानं केलेलं दुसऱ्याला पटलं तर दोघांच्याही पोटात दुखतं. त्यामुळे काका मला पहिल्या दिवसापासून ‘इन्स्पेक्टरसाहेब’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘साहेब’वर जरा जास्तच जोर देतात.

पण पट्टी, पायरी वगैरे झाले हातचे उद्योग. काकांचं खरं वेड म्हणजे मतदारयादी. बिल्डिंगमधल्या प्रत्येक मतदाराचा यादीतला क्रमांक त्यांना पाठ आहे आणि कधीकधी ते माणसाचं नाव विसरतात, क्रमांक विसरत नाहीत. “चारशे बाराचं कुरियर आलंय, वर सांगा,” असं ते खुशाल सांगतात. नवा भाडेकरू आला की दूध लावलं का, पेपर लावला का, हे दुसरे लोक विचारतात. काका सामान टेम्पोतून उतरायच्या आत मतदाराच्या नोंदणीचा फॉर्म घेऊन उभे. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या, जेवले, आणि निघताना नवरीला आशीर्वाद देऊन म्हणाले, “सासरी गेलीस की पहिलं नाव बदलून घे.” पोरीनं लाजून मान हलवली. तिला वाटलं लग्नात बदलतात ते नाव. काका यादीतल्या नावाबद्दल बोलत होते. एकदा एका उमेदवाराची माणसं घरोघर स्टीलचे डबे वाटत आली. काकांनी डबा घेतला, झाकण काढलं, पत्रा दोन बोटांत दाबून बघितला आणि पातळ आहे म्हणून परत केला. आतली गोष्ट त्यांनी नंतर आम्हाला सांगितली: पत्रा जाड असता तरी परत केला असता, पण मग कारण सांगायला वेळ गेला असता.

मतदानाच्या दिवशी तर काकांचं लग्नच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले कंपनीचे बूट, आणि सकाळी सहाला शाळेच्या फाटकावर पहिला नंबर. मत टाकून आले की गेटजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्यानं डावा हात पुढं करायचा. बोटावर शाई असली की पेढा. नसली तर काका रागावत नाहीत, नुसते मनगटावरचं घड्याळ बघतात आणि म्हणतात, “अजून वेळ हाय.” हे रागावण्यापेक्षा वाईट. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ त्या घड्याळाला घाबरून, ताप अंगावर घेऊन मत टाकून आलेले मी पाहिले आहेत.

माझं नाव आमच्या गावी, परभणीकडे होतं. दहा वर्षं इथं राहून, इथलं पाणी पिऊन, इथल्या खड्ड्यांना शिव्या घालूनही मी ते बदललं नव्हतं. काकांनी फॉर्म आणला, लाइट बिलाची झेरॉक्स माझ्या बायकोकडून काढून घेतली, आणि एक दिवस मी शिफ्टला निघालेला असताना पार्किंगमध्ये गाडीच्या सीटवर कागद ठेवून सही मागितली. मी वैतागलो होतो. म्हटलं, काका, माझ्या एका मतानं काय फरक पडणार आहे? त्यावर ते पहिल्यांदाच माझ्याशी चेष्टेशिवाय बोलले. 

“आमच्या आज्याला गावात चावडीपुढनं जाताना पायताण हातात घ्यावं लागायचं. पहिल्या मतदानाला त्यो रांगेत पाचवा हुता, अन् पाटील आठवा. पाटलाला थांबावं लागलं. निवडून कोण आलं ते आज्याला शेवटपर्यंत आठवलं न्हाई. पाचवा नंबर आठवायचा.”

मी सही केली. महिन्या-दीड महिन्यानं माझं ओळखपत्र आलं ते काकांनी प्लास्टिकच्या कव्हरात घालून वर आणून दिलं आणि म्हणाले, आता तुमी हितले झालात. 

त्यानंतरच्या पावसाळ्यात काकू गेल्या. काकूंचा आणि काकांचा यादीतला क्रमांक एकमेकांशेजारी होता, आणि दर निवडणुकीला दोघं जोडीनं जात. त्यांना जाऊन पंधरवडाही झाला नव्हता, तेव्हा काका त्यांचं नाव यादीतून कमी करायचा फॉर्म भरून देऊन आले. गेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्यानं मत टाकू नये, एवढंच म्हणाले. आम्ही जिन्यात कुजबुजलो, की हा माणूस आहे की मायक्रोमीटर. त्यात माझाही आवाज होता.

मग निवडणूक आली. कंपनीनं मतदानासाठी भरपगारी सुट्टी दिली आणि आमच्या डिपार्टमेंटनं त्या सुट्टीचं जे करायचं तेच केलं: पवना धरणाच्या बाजूला एक फार्महाऊस ठरवलं. बायको माहेरी गेली होती, काकांचा फॉर्म टाळत तिनं नाव अजून तिकडंच ठेवलेलं. तिनं दुपारी शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला आणि विचारलं, तुमचं झालं का? मी तेव्हा मटणाच्या पातेल्याभोवती होतो. चारला निघू, पाचला पोहोचू, सहापर्यंत मतदान असतंच, असा माझा हिशेब होता. निघालो साडेचारला, आणि तळेगावला येईपर्यंत सुट्टीवरून परतणारा अख्खा जिल्हा माझ्यापुढं उभा होता. काळेवाडीच्या पुलाशी आलो तेव्हा साडेसहा झाले होते.

खरं सांगायचं तर मत बुडाल्याचं मला तेव्हा फारसं काही वाटलं नाही. मला भीती वाटली ती गेटवरच्या खुर्चीची. चाळिशी उलटलेला, घरचे हप्ते वेळेवर भरणारा, हाताखाली सहा माणसं असलेला मी, पेढ्याच्या बॉक्सला घाबरलो. डिकीत माझी तपासणीची बॅग होती. तिच्यात निळ्या रंगाची ट्यूब असते; दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का ते बघायला एका भागावर तो रंग लावायचा आणि दुसऱ्यावर कुठं उमटतो ते बघायचं. मी गाडी बाजूला घेतली, काडीच्या टोकावर रंग घेतला आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर नखापासून खाली रेघ ओढली. सवयीनं रेघ झकास आली. वर फुंकरही मारली. हा रंग तेलकट असतो, तो कधी वाळतच नाही, आणि वाळत नाही म्हणूनच आम्ही तो वापरतो, हे मी रोज नव्या पोरांना शिकवतो. त्या वेळी ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

गेटवर पाच-सहा जण होते. काका खुर्चीतच होते, डावा हात पँटच्या खिशात. मी आपण होऊन बोट पुढं केलं आणि कुणी न विचारता म्हणालो, सकाळीच करून गेलो होतो. काकांनी उजव्या हातानं माझं बोट धरलं, चष्मा वर केला आणि त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग स्वतःचा अंगठा बघितला. निळा झाला होता. चौतीस वर्षं ज्या रंगानं त्यांची नखं भरलेली असायची, काकूंनी ज्याचे डाग रोज रात्री शर्टावरून घासून काढले, तोच रंग. मला वाटलं, आता हे पाच-सहा जणांत बोलणार आणि माझी सालं निघणार. काकांनी रुमाल काढला, अंगठा पुसला, रुमाल घडी करून परत ठेवला, आणि माझ्या तळहातावर पेढा ठेवला. “घ्या, इन्स्पेक्टरसाहेब,” म्हणाले. त्या दिवशी ‘साहेब’वर जोर नव्हता.

पेढा मी फ्रिजमध्ये ठेवला. खाववेना, आणि टाकायचीही हिंमत होईना. सकाळी शिफ्टला निघालो तर काका पार्किंगमध्येच, जिथं माझी सही घेतली होती तिथं, उभे होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. 

“इतकी सरळ रेघ तिथं कुणी ओढत न्हाई, साहेब,” ते म्हणाले. “असा जॉब माझ्याकडनं आला असता, तर तुमी पास केला असता?”

मी नाही म्हणालो. चुकलो म्हणालो, माफ करा म्हणालो, ट्रॅफिकचंही सांगायला लागलो. तेव्हा त्यांनी डावा हात खिशातून काढून माझ्यापुढं धरला. तर्जनी कोरी होती. नखावर, कातडीवर, शाईचा ठिपका नव्हता.

मग हळूहळू सगळं कळलं. सकाळी पहिल्या नंबरला उभ्या असलेल्या काकांचं नाव यादीतच निघालं नाही. काकूंचं होतं, फोटोसकट. चूक कुणा दुसऱ्याची नव्हती. काकू गेल्यावर ते दोघांची ओळखपत्रं पुढ्यात घेऊन फॉर्म भरायला बसले आणि नंबर उतरवताना स्वतःचा उतरवला. चौकशीला माणूस घरी आला, या घरातलं कुणी गेलं का म्हणून विचारलं. काका व्हय म्हणाले, आणि पुढचं काही त्यांच्यानं बोलवलं नाही. बिल्डिंगमधल्या सगळ्यांची नावं त्यांनी आठवडाभर आधी यादीत तपासली होती, फक्त स्वतःचं बघायचं राहिलं. चौतीस वर्षांत ज्यांचा एक जॉब रिजेक्ट झाला नाही, त्यांनी आयुष्यात एक कागद चुकीचा भरला, तो हा. आणि आम्ही जिन्यात मायक्रोमीटर म्हणत होतो.

“तुमचं नाव हुतं,” काका म्हणाले. “बाहेरच्या टेबलावर मी तीनदा विचारून आलो, आले का म्हणून. शेवटचं पावणेसहाला.”

मत टाकायला जीव तुटणारा माणूस बाहेर उभा होता आणि माझं नाव आत फुकट पडून होतं. त्या दिवशी चाकणला मी एकही जॉब रिजेक्ट केला नाही. माझ्या हाताखालच्या पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

पुढं काका दोन फॉर्म घेऊन वर आले. एक स्वतःचं नाव पुन्हा घालायचा, एक काकूंचं कमी करायचा. पहिला त्यांनी भरून आणला होता, तो तपासा म्हणाले. मी आकडा न् आकडा तीनदा ताडून बघितला. दुसरा कोरा होता. तो मी लिहिला. मी काकूंचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचत होतो आणि काका खिडकीबाहेर बघत प्रत्येक आकड्याला ‘बरोबर’ म्हणत होते.

परवाच्या महापालिकेच्या मतदानाला मी रजा टाकली आणि सकाळी सहाला काकांच्या मागं दुसऱ्या नंबरला उभा राहिलो. त्यांचं नाव यादीच्या अगदी शेवटी, पुरवणीत होतं, नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींच्या रांगेत. सत्तरीचे काका ‘नवा मतदार’ म्हणून मत टाकून बाहेर आले ते छाती काढून. दोघं चालत घरी आलो, त्यांनी खुर्ची टाकली, बॉक्स उघडला. लोक येत गेले. काका लांबूनच बोट बघत, मान डोलवत आणि पेढा देत. शेवटी मी हात पुढं केला. माझी रेघ वाकडी आली होती, नखावरून घसरून पार पेरापर्यंत गेलेली. आम्ही एका खोलीत, एकामागून एक मत टाकलं होतं. माझ्या बोटाला शाई लावताना काका दोन हात अंतरावरच उभे होते.

तरी त्यांनी माझं बोट धरलं आणि अंगठा फिरवला. मग अंगठा उजेडात धरून बघितला. स्वच्छ होता. त्यांनी पेढा दिला, मी तिथंच उभं राहून खाल्ला. बिल्डिंगमध्ये चाळीस मतदार आहेत. बाकी कुणाचंच बोट ते चोळून बघत नाहीत.