खंदकात एकटे साहेब

बाबा जाऊन पाच महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसले की पहिली ओळ शोकाची येते आणि दुसऱ्या ओळीला मला हसू फुटतं. त्यामुळे इतके दिवस कागद कोराच राहिला. आज हसूच आधी लिहून टाकते.

गोंडपिपरीपासून दीड कोसावरच्या एका गावात बाबा एकशिक्षकी शाळेचे मास्तर होते. जिल्हा तेव्हा चांदाच होता, गडचिरोली वेगळं व्हायला अवकाश होता. मी चौथीत होते. आदल्या वर्षी शेजारच्या देशानं अणुबॉम्ब फोडल्याची बातमी रेडिओवर आली होती आणि आता बाबांना नागरी संरक्षणाच्या प्रशिक्षणाला नागपूरला बोलावणं आलं. आठ दिवसांनी ते परतले ते एक शिट्टी, दंडाला बांधायची एक पट्टी आणि एक पातळ पुस्तिका घेऊन.

पाठोपाठ तालुक्याहून कागद आला. गावाला शिकवावं, खंदक खणून घ्यावा, दिवाळीनंतर साहेब पाहणीला येतील. शेवटी एक ओळ होती: ज्या गावाची तयारी असमाधानकारक आढळेल, तिथल्या शिक्षकाच्या बदलीचा विचार होईल. बदली म्हणजे कुठे, हे सगळ्या मास्तरांना ठाऊक होतं. नद्या ओलांडून पार सिरोंच्याच्या पुढे. तिथल्या शाळा चौथीला संपत. इथून मात्र जूनमध्ये मला पायी गोंडपिपरीला पाचवीत जाता येणार होतं.

आईनं कागद ऐकला आणि म्हणाली, "म्हंजे बॉम्ब पडो का नाई पडो, पोरीची शाळा गेली."

"तयारी करू ना आपण," बाबा म्हणाले.

रविवारी शाळेपुढच्या चिंचेखाली गाव जमलं. बाबांनी पट्टी बांधली आणि पुस्तिका वाचायला घेतली. 'डोळे दिपवणारा लखलखाट दिसल्यास त्याकडे पाहू नये.'

आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची. सारं गाव तिला मोठीबाई म्हणे. ती पहिल्या रांगेत बसली होती.

"पायल्याबिगर कसं समजन मास्तर, का लखलखाट झाला म्हून?"

हा प्रश्न नागपूरला कोणी काढला नव्हता. बाबा पुढच्या सूचनेकडे वळले. 'पांढरे, सैल कपडे वापरावेत.'

"धानाच्या बांधीत पांढरं घालून कोन जाते? चिखल कोन धुवन, बॉम्बवाला?"

"अन् इथी मोहाच्या झाडायवर बॉम्ब टाकून त्याले भेटन काय?" मागून कोणी विचारलं.

"इथं नाही टाकणार. चांद्याला टाकला तर वाऱ्यानं राख इकडे येईल. विषारी राख. ती पाण्यात पडेल."

इथे मात्र गाव गंभीर झालं. बॉम्ब कोणी पाहिला नव्हता, पण राख आणि पाणी सगळ्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बांबूचा तट्टा चढला.

खंदकही सुरेख झाला. आमच्याकडे धानाच्या पाण्यासाठी शेताशेतात बोडी, म्हणजे लहान तळं, खणतात. त्या हातांना मातीचं काही सांगावं लागत नाही. अडचण एवढीच झाली की त्यांनी सवयीनं खंदकाला उतार दिला, पाणी सोडायला तोंड ठेवलं, आणि पाणी कोणाच्या बांधीत सोडायचं यावरून दोन सख्खे भाऊ भांडून बसले. हा खंदक कोरडाच ठेवायचा आहे हे बाबा दोघांना आठवडाभर समजावत होते. एवढा खड्डा खणून त्यात पाणी घ्यायचं नाही, हे काही त्यांना पटेना.

मग दर रविवारी सराव. बाबा शिट्टी फुंकत आणि गाव खंदकात उतरे. पालथं झोपायचं, कोपरं जमिनीला, हात कानांवर, तोंड उघडं. बायका मुरमुरे घेऊन येत आणि सराव संपला तरी तिथेच बसून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा पाहत. तिसऱ्या रविवारी बाबांनी घड्याळ पाहिलं: दोन मिनिटं. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "पाचवीची पुस्तकं कोणाकडे जुनी मिळतात का पाहून ठेव."

साहेब आले ते मधल्या वारी, भर दुपारी, ऐन धानकापणीत. जीपमधून उतरताच म्हणाले, "आत्ताच सराव घ्या."

"लोक शेतात आहेत साहेब. निरोप धाडतो."

"शत्रू निरोप धाडून येतो का?"

बाबांनी शिट्टी काढली. साहेबांनी ती हातात घेऊन पाहिली. "ही शेतापर्यंत ऐकू जाईल?" मग त्यांची नजर फांदीला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर गेली. ती आमची शाळेची घंटा. त्यांनी खालचा हातोडा उचलला आणि न थांबता ठोके घालायला सुरुवात केली.

आमच्या झाडीपट्टीत घंटा मोजून वाजते. न थांबता वाजली तर अर्थ एकच: वाघानं कोणाला तरी धरलं. त्या आवाजाला मोठं माणूस घरात दडत नाही. हातात असेल ते घेऊन आवाजाकडे धावायचं, ओरडत, डबे बडवत. फक्त पोरांनी शाळेचं दार लावून आत बसायचं.

"साहेब, तसं नका..." बाबा एवढंच म्हणाले. साहेबांना मध्येच थांबवायची तेव्हा पद्धत नव्हती.

आम्ही दार लावलं आणि खिडकीला डोळे लावले. तिन्ही बाजूंनी माणसं येत होती. विळे, लाठ्या, डोक्यावर उगारलेल्या कुऱ्हाडी. सगळ्यांत पुढे मोठीबाई, घमेलं बडवत. साहेबांनी वर पाहिलं. शे-सव्वाशे माणसं कुऱ्हाडी घेऊन ओरडत आपल्याकडेच येताहेत, एवढंच त्यांना दिसलं असणार. त्यांनी हातोडा टाकला आणि खंदकात उडी घेतली. पालथे झोपले. कोपरं जमिनीला, हात कानांवर, तोंड उघडं. पुस्तिकेतल्या चित्रासारखे, हुबेहूब.

"कोनाले धरलं?" मोठीबाई धापा टाकत म्हणाली.

"कोणाला नाही," बाबा म्हणाले. "बॉम्बचा सराव होता."

"बॉम्बाले शिट्टी असते मास्तर! तुमीच तं शिकोलं!"

मग तिचं लक्ष खंदकात गेलं. "अवो बाई, हे कोन पडून राह्यलं? साहेब, उठा जी. वाघ नाई, बॉम्बई नाई. आमीच हावो."

साहेबांना दोघांनी हात देऊन वर घेतलं. ज्या दोन भावांचं पाण्यावरून भांडण होतं, तेच ते दोघे.

शाळेत मी त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि भिंतीशी उभी राहिले. शर्टाला माती तशीच होती. त्यांनी छापील कागद काढला. "मास्तर, एकही माणूस खंदकात गेला नाही."

"एक गेले, साहेब."

साहेबांनी पाणी संपवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते लिहायची गरज नाही. असं करू. सर्व ग्रामस्थ दोन मिनिटांत खंदकात उतरले, असं लिहितो. खाली तुमची सही."

माझी पाचवी त्या कागदावर होती. दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या. बाबांनी टाक उचलला आणि परत ठेवला.

"ते खरं नाही, साहेब."

आपले वडील थोडे तरी खोटारडे असते तर किती बरं झालं असतं, असं मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं, पण फार जोरात वाटलं.

"ते आले," बाबा पुढे म्हणाले. "कापणी टाकून आले. मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटांत अख्खं गाव इशाऱ्याच्या जागी हजर होतं. हे लिहा, मी सही करतो."

"आणि खंदक?"

"पाहणी अधिकाऱ्यांनी स्वतः आत उतरून तपासला, खोली पुरेशी आढळली."

साहेबांनी बाबांकडे बराच वेळ पाहिलं. चेष्टा आहे का ते शोधत असावेत. बाबांच्या चेहऱ्यावर चेष्टा कधीच सापडत नसे. मग त्यांनी कोपराची माती झटकली आणि जसंच्या तसं लिहून घेतलं. बाबांनी दोनदा वाचून सही केली.

जूनमध्ये मी गोंडपिपरीला पाचवीत बसले.

खूप वर्षांनी मी बाबांना विचारलं, "साहेबांनी तसं लिहिलं नसतं तर?"

"तर गेलो असतो नदीपलीकडे. तिथं पाचवी उघडली असती, तुझ्या एकटीसाठी. पहिली आली असतीस."

"अन् शेवटचीबी," आई आतून म्हणाली.