आरपार ब्रश

ऑफिसात तिला सगळे रंगारीणबाई म्हणत. संगणकावर घडवलेल्या माणसांना कातडी चढवणं हे तिचं काम. घडवणारे वेगळे, ते राखाडी, गुळगुळीत मुंडकं पाठवून मोकळे होत. मग ही थेट त्यावरच ब्रश फिरवून कुणाला रापलेली मान देई, कुणाला जखमेचा व्रण. बावीस वर्षांत खेळांतल्या इतक्या सैनिकांना सुरकुत्या वाटल्या होत्या तिने, की स्वतःच्या मोजायला सवड मिळाली नव्हती.

आणि घरात आई माणसं विसरत चालली होती. आधी शेजारीण विसरली, मग सख्खी जाऊ. एके सकाळी भिंतीवरच्या बाबांच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "हे कोण गं?" बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. फोटो मेला सपाट, तो काय बोलणार? मान वळवणारे बाबा दिसले तर आई नक्की ओळखेल, असं तिने मनाशी धरलं. एवढं करूनही ओळखलं नाही, तर आई हातची गेलीच.

महिन्याची सुट्टी काढून ती घरीच एका कोऱ्या मुंडक्यावर बाबांना रंगवायला बसली. पहिल्या दोन दिवसांत फोटो पाहून तिने डाग, खड्डे, मिशा, दाढीचे खुंट भराभर उमटवले. पुढचे तीन आठवडे नुसती डागडुजी. डोळ्यांखालचं काळं उजळलं, नाक सरळ केलं, वर दाट केस बसवले. फोटोत काही नीट दिसेना तेव्हा समोरच्या आरशात बघून भागवलं. बापाचीच लेक ती! डोळेही हुबेहूब जमले, पण ती नजर कधी तिच्याकडे वळत नसे. तिला त्या खोलीत एकटं बसायला नको वाटू लागलं.

रविवारी दुपारी तिने आईला पडद्यासमोर बसवलं. आईने बराच वेळ निरखलं.

"केस कुणाचे हे?"

"बाबांचे."

"यांना कुठले एवढे केस? काढ ते."

तिने केसांचा थर बंद केला आणि सगळ्या बाजूंनी दिसावं म्हणून डोकं फिरवलं. मागच्या बाजूला, टकलावर, आणखी एक चेहरा होता.

कारण कळलं, तरी अंगावरचा काटा जाईना. पहिले दोन दिवस ब्रशची आरपार उमटण्याची सोय चुकून चालू राहिली होती. त्या दोन दिवसांतला समोरचा प्रत्येक फटकारा मागेही उमटला होता आणि वरून केस बसल्यामुळे दडून राहिला होता. नवशिक्याची चूक! डावं-उजवं उलटलेलं, एक डोळा कानामागे ओढलेला, तोंड मानेच्या वळीत उतरलेलं.

तिने घाईघाईने पुसायला ब्रश उचलला. आई पुढे झुकली होती.

"अहो, तिकडे तोंड करून काय बसला होतात इतके दिवस?"

इतका मोकळा आवाज लेकीने वर्षभरात ऐकला नव्हता. तिने डोकं पुन्हा पुढे वळवलं. "आई, बाबा इकडे आहेत."

"ही तर तू. मिशा लावल्यास म्हणून मला कळणार नाही होय? फिरव परत त्यांना."

तिने नीट पाहिलं. नाक तिचं होतं, हनुवटी तिची, जिवणीही तिचीच. बाबांचं म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं.

तिने डोकं फिरवलं. आई त्या वेड्यावाकड्या चेहऱ्याशी बोलू लागली. मधेच थांबून ऐकायची, मान डोलवायची, पदर तोंडाला लावून हसायची. लेक डोळे फाडून बघत राहिली. बाबांना आठवायला गेली, तर तिला फक्त भिंतीवरचा फोटो आठवत होता. ती मनातून पार घाबरली.

"आई, मला दाखव ना. कुठे आहेत बाबा?"

आईने तिचं बोट धरून पडद्यावर टेकवलं. "हे काय, तुझ्याकडेच तर बघतायत."

तिने पाहिलं. तिथे तिला नुसता रंग दिसला.