वेदीसमोरची बारावी खुर्ची

“आधी पाय स्वच्छ धुऊन ये.” सिल्व्हिया आंटीने मला चर्चच्या मागच्या नळावर नेलं आणि हातात फुलदाण्या घासायची तारेची घासणी दिली. आंटी म्हणजे चर्चच्या कमिटीतली मोठी बाई. तिच्या शब्दाबाहेर तिथे कोणी नाही.

पवित्र गुरुवार होता. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात, पुसतात आणि त्यावर ओठ टेकवतात. त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या वस्तीतून एक नाव घेतलं. चिठ्ठी काढली, माझी निघाली.

मरोळच्या एका कंपनीत मी चौदा वर्षं संडास धुते. ॲसिडचं पाणी चपलेत शिरतं. टाचा फाटल्यात, नखं काळी पडलीत. ती घाण नाही, घासून जाणार नाही. हे मला माहीत होतं, तरी मी घासत बसले. रक्त आलं तरी घासत होते. आंटीपेक्षा मला माझीच चीड जास्त येते ती त्यासाठी.

आंटीने वाकून पाहिलं. “नाही गं जमणार. फादरना किस करायचा असतो ना. तू मागे बस, नेक्स्ट इयर बघू.”

तिची सून तयारच उभी होती. पांढरी सँडल, नखांना गुलाबी रंग. म्हणजे सगळं आधीच ठरलेलं.

माझी आई जालन्याकडची. जन्मभर शेवटच्या बाकावर बसली. मला म्हणायची, “माय, देवाला मागचंबी ऐकू येतं.” येत असेल. मग पुढचे बाक कोणासाठी ठेवलेत? मला लहानपणापासून एकदा, फक्त एकदा, वेदीजवळ जायचं होतं. देव तिथे असतो असं ह्या चर्चवाल्यांनीच शिकवलं होतं. मी खुळी, मी ते खरं मानलं.

गाणं सुरू झालं. बारा जण रांगेने निघाले. मी शेवटच्या बाकापर्यंत पोचले होते, बसणारच होते. आणि डोकं फिरलं. च्यायला, मी परवानगी कोणाची मागतेय?

मधल्या वाटेने सरळ चालत गेले. अनवाणी. लादीवर ओले, लाल डाग पडत होते. लोक वळून बघत होते. बघू देत. सून वेदीसमोरच्या बाराव्या खुर्चीत टेकतच होती.

“ऊठ. ही जागा माझी आहे.”

उठली बिचारी. घाबरली होती.

आंटी धावत आली, फादरच्या कानाला लागली. फादरनी अकरा जणांचे पाय धुतले, पुसले, ओठ टेकवले. मी बारावी. माझ्या पायावर दोन थेंब पाणी. टॉवेल नुसता लावल्यासारखा केला. आणि फादर उठायला लागले.

मी पाय मागे घेतला नाही.

“फादर, राहिलं.”

गाणारेसुद्धा थांबले. फादरनी माझ्याकडे पाहिलं, मग आंटीकडे. आणि वेदीकडे निघून गेले. मी तशीच बसून होते, पाय पुढे करून. रडले नाही. रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू?

बाहेर आल्यावर आमच्याच वस्तीतली शेजारीण म्हणाली, “कशाला गं तमाशा केलास? दुसऱ्या चर्चला जा ना.”

का म्हणून जाऊ?

त्या ईस्टरपासून मी पहिल्या बाकावर बसते. आंटी शेजारच्या जागेवर पर्स ठेवते. मी ती उचलून तिच्या मांडीवर देते आणि बसते. ती सरकते, रुमाल नाकाला लावते. शेजाऱ्याचा हात हातात घेऊन शांतीची खूण करायची वेळ येते तेव्हा मी तिच्यापुढे हात धरते. ती धरत नाही. मी दर रविवारी धरते.

कुणाच्या ओठांसाठी मी आता थांबलेली नाही. त्या वेदीवर देव असेल, तर त्याने मला इथे बसलेली बघावं. आणि नसेल, तर तेही मी पहिल्या बाकावरूनच बघणार.