शंकररावांची बाटली

कॅनडातल्या व्हिटबीच्या आंबेडकरी मंडळींत शंकररावांना चहापलीकडे काही पाजणं कुणाला जमलं नव्हतं. ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीतही गडी जिंजर एलचा, आल्याच्या सोड्याचा, ग्लास धरून ताठ उभा. त्याला कारण होतं. त्यांच्या बापाला कामठीत मोहाच्या दारूनं खाल्लं, आणि तो वास शंकररावांच्या नाकात बसला तो साठी उलटली तरी गेला नाही. बुद्धवंदनेत पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, ते इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणत.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी इंग्लंडात जाऊन वाइन करायला लागली! मैत्रेयी केमिस्ट्री शिकली तेव्हा यांना वाटलं होतं, औषधं बनवेल. ती केंटमधल्या एका द्राक्षमळ्यात रमली. भांडण काही झालं नाही. शंकररावांनी तो विषयच काढणं सोडलं, आणि असा गप्प माणूस भांडणाऱ्यापेक्षा जास्त छळतो.

पाच वर्षांपूर्वी तिनं ओळखीच्या कुणाच्या हाती एक बाटली पाठवली. तिनं स्वतः जुळवलेली पहिली वाइन होती ती. पांढरी, बिनफेसाची, बॅकस आणि ऑर्टेगा अशा दोन जातींच्या द्राक्षांची. नेमका रविवार, आणि दुपारी घरी वंदनेला तीस माणसं यायची. शंकररावांनी बाटलीकडे धड न बघता ती पेपरात गुंडाळली आणि बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे दडवून टाकली.

दुसऱ्या दिवशी मैत्रेयीचा फोन आला.

"बाबा, बाटली नीट बघितली ना?"

"बघितली," शंकरराव म्हणाले.

ती जरा वेळ थांबली. यांनी पुढे काही म्हटलं नाही.

"ओके, बाबा," ती म्हणाली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. हळूहळू तिचे फोन आईच्याच मोबाइलवर यायला लागले. आपण प्यायलो नाही म्हणून पोरगी रुसली, अशी शंकररावांची समजूत. आणि त्या बाबतीत ते तसूभर हलणार नव्हते.

यंदा घर विकून कॉन्डोत, लहानशा फ्लॅटमध्ये, जायचं ठरलं. बेसमेंट आवरताना ती बाटली हाती आली.

"अहो, बाटल्या-बिटल्या रिकाम्या करून रिसायकलिंगमध्ये टाका," त्यांच्या पत्नी बेबीताईंनी वरून हाक दिली. "मूव्हर्स नेत नाहीत त्या!"

शंकररावांनी पेपरासकट बाटली लाँड्रीच्या सिंकवर धरली, झाकण पिरगाळलं आणि श्वास रोखून ओतायला लागले. पण श्वास रोखून रोखणार किती? वास आलाच. कापलेल्या गवताचा, पिकल्या पीचचा मंद वास. कामठीचा तो वास यात कुठेच नव्हता. त्यांचा हात थबकला, पण तोवर बाटली संपली होती.

कागद वेगळ्या डब्यात जातो म्हणून त्यांनी पेपर सोडवला. मागच्या बाजूच्या लेबलवर बारीक इंग्रजीत छापलं होतं: 'यातलं एक द्राक्ष लवकर पिकतं, दुसरं उशिरा. वाट पाहायला मी वडिलांकडून शिकले. त्यांनी आयुष्यात एक थेंब घेतला नाही, म्हणून मी शिकू शकले. ही त्यांनी पिऊ नये. फक्त एवढं वाचावं.'

शंकरराव बेसमेंटच्या पायरीवर बसले. पाचवं शील त्यांनी जन्मभर सांभाळलं होतं. चौथं, खोटं न बोलण्याचं, एका शब्दात मोडलं होतं. आणि पोरगी पाच वर्षं हेच धरून बसली होती की बाबांनी वाचलं, आणि त्यांना काहीच म्हणावंसं वाटलं नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"मैत्रेयी, मी तेव्हा खोटं बोललो. बाटली बघितलीच नव्हती गं. आत्ता बघितली."



"उघडली?"

"ओतून टाकली. मग वाचलं."

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "दॅट वॉज द लास्ट वन. ऑर्टेगाचे वेल काढून टाकले आम्ही. आता ती होत नाही."

शंकररावांनी चष्मा पुसला आणि लेबल उजेडात धरलं.

"मी तुला वाचून दाखवू? मोठ्यानं?"

"नको, बाबा," मैत्रेयी म्हणाली. "मला पाठ आहे."