हात फिरवलेला फोटो

फोटोमास्तरांच्या स्टुडिओतून चाळीस वर्षांत कुणी कुरूप होऊन बाहेर पडलं नव्हतं. गालावरचे खड्डे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, लोंबती हनुवटी, सगळं ते हलकेच नाहीसं करत. पूर्वी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने, पुढे कॉम्प्युटरवर. याला ते ‘हात फिरवणं’ म्हणत. एखाद्याने खरा चेहरा मागितलाच तर म्हणत, “मग आरसा काय वाईट आहे? तो फुकट दाखवतो.”

बायकोच्या फोटोवर मात्र ते जरा जास्तच हात फिरवत. तिच्या डाव्या भुवईवर बोटाच्या पेराएवढा व्रण होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मास्तरांनी घाईत उभा केलेला दिव्याचा स्टँड तिच्या अंगावर कोसळला, त्याची ती खूण. घरातले सगळे अल्बम उलटले तरी तो व्रण एकाही फोटोत सापडला नसता.

मास्तरांच्या या बाईंना कावीळ झाली असं आधी वाटलं. मग कळलं, पित्ताच्या नळीत अवघड जागी गाठ आहे आणि इथला एकही सर्जन शस्त्रक्रियेला तयार नाही. लेकीने चार-पाच परदेशी रुग्णालयांना तपासण्यांचे कागद पाठवले. एकाचं उत्तर आलं. तिथला सर्जन फोनच्या पडद्यावर दिसला आणि लेकीने त्याचं बोलणं आईवडिलांना सांगितलं, “ते म्हणतात, करता येईल. वीस तारखेला टेबल राखून ठेवतात. पण आठवडाभर उशीर झाला आणि गाठ रक्तवाहिनीला चिकटली, तर ते हात लावणार नाहीत.”

वीस तारखेला पंचवीस दिवस होते.

लेकीने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर यादी चिकटवली. रुग्णालयाचं बोलावणं. स्कॅनची सीडी. विमानात बसायला हरकत नाही असा डॉक्टरांचा दाखला. विमानतळावर चाकाची खुर्ची. रुग्णालयाजवळ खोली. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. दुभाषी. एकेक काम झालं की ती त्यावर रेघ मारी. आपण काय करायचं हे मास्तरांना सुचेना. ते यादीसमोर उभे राहत आणि चहा गार करत.

शेवटी लेकच म्हणाली, “बाबा, व्हिसाचा फोटो तुमच्याकडे. पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चष्मा नको, हसायचं नाही. आणि हात फिरवायचा नाही. नियमात स्पष्ट लिहिलंय.”

“मला फोटो शिकवतेस?”

“शिकवत नाही. बजावतेय.”

दुपारी दुकानाचं दार ओढून मास्तरांनी बाईंना स्टुलावर बसवलं. त्यांच्या अंगावरचं झंपर खांद्यावरून ओघळत होतं.

“अहो, हसायचं नाही ना? मग पटकन काढा. तुमचं तोंड बघून मला हसू येतंय.”

“हनुवटी जरा वर घे.”

“वर घेतली तर मान दिसते. कोंबडीसारखी झालीय.”

फोटो निघाला. बाई आत जाऊन पडल्या आणि मास्तर पडद्यासमोर बसले. मोठा केलेला चेहरा त्यांनी पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली. डोळ्यांतलं पांढरं पार लिंबासारखं झालं होतं. गालांत वाट्या पडल्या होत्या. रोज शेजारी वावरणारी ही बाई इतकी आजारी आहे हे त्यांनी जणू तेव्हाच पाहिलं. आणि त्यांच्या मनात आलं, व्हिसाच्या कचेरीतला काचेपलीकडचा माणूस हा फोटो बघेल आणि म्हणेल, ही तर चाललीच आहे, हिला आमच्या देशात कशाला घ्यायची?

त्यांनी थोडा पिवळेपणा काढला. थोडा काढला म्हणून गाल निस्तेज दिसायला लागले, म्हणून गाल थोडे भरले. मग हात सवयीने भुवईवर गेला.

संध्याकाळी बाईंनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. “ही कोण? दुसरी केलीत की काय?”

“तूच आहेस.”

“छान दिसते हो. हिलाच पाठवा ऑपरेशनला, मी घरी थांबते.”

लेकीला फोटो पाकिटात घालूनच मिळाला. तिला त्या दिवशी अजून सात कामं होती. तिने पाकीट उघडलं नाही.

व्हिसाच्या कचेरीत चौथ्या खिडकीवर त्यांचा नंबर लागला. काचेपलीकडे एक तरुण बाई होती. तिने पासपोर्ट उघडला. त्यातला फोटो नऊ वर्षांपूर्वी सरकारी कचेरीत, तिथल्याच कॅमेऱ्याने काढलेला. तिने तो पाहिला, नवा पाहिला, मग मान वर करून समोर पाहिलं.

“काकू, मास्क खाली करा. हा फोटो कुणाचा आहे?”

“माझाच की.”

“पासपोर्टातल्या फोटोत व्रण आहे, अर्जातही ओळखीची खूण म्हणून लिहिलाय. तुमच्या भुवईवर आत्ताही आहे. या फोटोत कुठे गेला?”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लेकीने फोटो खिडकीतून ओढून घेतला, पाहिला आणि डोळे मिटले.

मास्तर पुढे झाले. “ताई, चूक माझी. मी फोटोग्राफर आहे. दहा मिनिटं द्या, समोरच्या दुकानातून दुसरा काढून आणतो. जसा आहे तसा.”

“काका, तुम्ही उपचारालाच निघालात ना? मग आजारी माणसाचा फोटो आजारीच लागतो आम्हाला.” ती तुसडेपणाने बोलत नव्हती, हेच मास्तरांना सोसवेना. “पण आता फोटोत फेरफार म्हणून नोंद झाली. अर्ज तपासणीला जाणार. ते माझ्या हातात नाही.”

जिन्यात लेक थांबली. “बाबा, एक गोष्ट सांगितली होती मी. एक!”

“पुरे,” बाई कठड्याला धरून म्हणाल्या. “जिन्यात तमाशा नको. मला आधी बसायचंय कुठेतरी.”

नवा फोटो समोरच्या दुकानातल्या पोरट्याने काढला. मास्तर बाहेर उभे राहिले.

रुग्णालयाने तातडीचं पत्र धाडलं. लेक रोज कचेरीत फोन लावी. तिकडून रोज एकच उत्तर येई, अर्ज तपासणीत आहे. वीस तारीख आली आणि गेली. त्या दिवशी बाईंनी भरलेली पिशवी उघडून त्यातला स्वेटर काढला आणि अंगात घातला, इतकंच.

व्हिसा एक तारखेला आला. सर्जनने नवा स्कॅन मागितला. तो पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी तो पुन्हा पडद्यावर दिसला. जेमतेम तीन मिनिटं बोलला. बोलताना त्याने चष्मा काढून हातात धरला. फोन बंद करून लेकीने तो पालथा ठेवला.

“सांगू नकोस,” बाई म्हणाल्या. “मला कळलं त्याच्या तोंडावरून. तो काही हात फिरवत नाही वाटतं.”

लेकीने विमानतळावरची खुर्ची रद्द केली, खोली रद्द केली, दुभाष्याला कळवलं. यादी कपाटावर तशीच राहिली.

बाई पुढे सात आठवडे जगल्या. त्यातल्या एका दुपारी त्यांनी मास्तरांना पासपोर्ट आणायला लावला आणि व्हिसाच्या पानावरचा फोटो दाखवला. “हा मोठा करा. त्या काचेमागच्या पोरीला मी यात पटले. भिंतीवर लावायचाच तर हा लावा. अल्बमातली बाई मला ओळखीची वाटत नाही.”

मास्तरांनी त्याच दुकानातून मूळ फोटो मागून आणला आणि तसाच छापला. पिवळे डोळे, मानेच्या शिरा, भुवईवरचा व्रण. छापताना दोन्ही हात मांडीवर ठेवून ते बसले होते.

बाई गेल्यावर काही दिवसांनी लेक त्या फोटोखाली उभी होती. मास्तर जेवत नव्हते, दुकान उघडत नव्हते. ती वळून म्हणाली, “बाबा, तुम्हाला सांगायचं राहिलं. ते सर्जन तेव्हा म्हणाले होते, गाठ आधीच चिकटलेली असणार. वीस तारखेला गेलो असतो तरी उपयोग नव्हता.”

मास्तरांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या नजरेने त्यांनी दुसऱ्यांनी हात फिरवलेले फोटो पारखले, त्या नजरेने. तिने डोळे वळवले नाहीत, पण एक पापणी लवत होती.

तीन मिनिटांत एवढं सगळं बोलणं झालं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही.

“बरं,” म्हणाले, आणि जेवायला पानावर येऊन बसले.