बिनतोंडाचा प्रवासी

माझा भाऊ गुणवंता वानरांना दगड मारून पोट भरतो. हसू नका. आमच्या पांढुर्ण्याकडे संत्र्याच्या बागेला राखणदार लागतो, आणि वानराला खरंच दगड लागला तर मालक पाप लागलं म्हणून बोंबलतो. म्हणून दगड असा मारायचा की वानराच्या कानाजवळची फांदी कडाडली पाहिजे, पण वानराला ओरखडा येता कामा नये. याला गुणवंता 'हुकवून मारणं' म्हणतो. या कामात त्याच्या तोडीचा माणूस पार लोधीखेड्यापर्यंत सापडणार नाही. मी बहीण आहे म्हणून कौतुक करत नाही. मला अजून त्याचा राग आहे, तरी सांगते.

मी उर्मिला. माहेर पांढुर्णा, सासर सावरगाव. मध्ये जाम नदी, पुलावरून चालत पाच मिनिटं. वर्षभर कोण कुठल्या काठाचा याचं कुणाला काही नसतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. पांढुर्ण्याचे ते तोडायला उतरतात, सावरगावचे ते राखतात, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून दगड सुटतात. डोकी फुटतात, दात पडतात, एखाद्या वर्षी माणूसही जातो. या गोटमारीची एक रीत आहे. कोणाचा दगड कोणाला लागला हे विचारायचं नाही, आणि ज्याने मारला त्याने सांगायचंही नाही. माझ्यासारख्या नदीपलीकडे दिलेल्या पोरींचे संसार या एका रीतीवर टिकलेत.

गुणवंता दरवर्षी पुढे असायचा. वर्षभर हुकवून मारणारा हात त्या एका दिवशी मोकळा सुटायचा. घरी आला की अंगठ्याची साल निघालेली, शर्टावर कोणाचं तरी रक्त, आणि चेहरा लग्नातल्या वरासारखा खूश.

असा हा माणूस बागेतल्या झोपडीत मोबाइलवर काय बघायचा? कार्टून. पाच-सहा मिनिटांची. एक काटकुळा प्रवासी बंद छत्री घेऊन चालत असतो. घरं पाय फुटून त्याच्या बाजूने चालतात, विहिरीतून मासे कंदील घेऊन वर येतात, आणि हा आपला चालतोच. गाणं नाही, मारामारी नाही.

"हा बोलत काहून नाही?" मी एकदा विचारलं.

"त्याले तोंडच नाही, ताई."

"मंग तू पाहून काय राहिला त्याच्यात?"

त्याने मोबाइल छातीशी धरला. "त्याले कोणीच इचारत नाही, तू कोन्या काठाचा म्हणून."

मला तेव्हा हसू आलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या गोटमारीत माझा नवरा गौतम झाडापाशी उभा होता. गौतम पोस्टात आहे, शांत माणूस, पण त्या दिवशी त्याच्याही अंगात येतं. मी आमच्या गच्चीवर होते. समोरून कुऱ्हाड घेऊन आलेल्या एकाचा गुडघा फुटला, तो पाण्यात वाकडा होऊन पडला. दुसऱ्याला खांद्यावर उचलून नेताना त्याचा हात लोंबकळत होता. गौतम कमरेएवढ्या पाण्यातून पांढुर्ण्याकडे बघून ओरडत होता, "ये नं बे वानरहाक्या! तुह्यानं वानराले तं दगड लागत नाही, मले का लागते!" दोन्ही काठ हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. आणि पुढच्या क्षणी गौतमने दोन्ही हातांनी तोंड धरलं. बोटांतून रक्त नळासारखं वाहायला लागलं.

उजवा डोळा गेला. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काही दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. गुणवंता आला तो हललाच नाही. गौतमला लघवीला नेणं, भरवणं, अंग पुसणं, सगळं त्याने केलं. मी जगाला सांगत सुटले, असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

वेळ जाईना म्हणून गुणवंता त्याला ती कार्टून सांगायचा. बोलणं नसलेली चित्रं, ती आंधळ्याला कशी दाखवणार? तोंडानेच. "आता तो वाळूवरून जाऊन राहिला, भाऊजी. वाळूतून एक शिडी निंगाली." गौतम विचारायचा, "चढला?" "चढून राहिला." जखमेने ठणकणारा माझा नवरा त्या प्रवाशाच्या मागे मागे जात झोपी जायचा.

पाचव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन आले. गुणवंता सांगत होता, "आता नदी लागली. नदीत एक झाड हाये. झाडापाशी एक माणूस हासून राहिला." मी वाकून पाहिलं. मोबाइल केव्हाच काळा झाला होता.

"प्रवाशानं दगड उचलला, भाऊजी. त्याले हुकवून मारता येत होता. आला असता मारता. पण नाही मारला हुकवून. डोळाच धरला."

माझ्या हातात वरणाचा स्टीलचा डबा होता. तो मी सगळी ताकद लावून त्याच्या तोंडावर हाणला. त्याची भुवई फुटली, वरण आणि रक्त गादीवर सांडलं. मी परत हाणला. नर्सने मला मागून धरलं तेव्हा मी त्याला लाथा घालत होते. डोळा फोडल्याचा राग होताच. त्याहून मोठा राग सांगितल्याचा होता. रीत पाळून गप्प बसला असता तर मला भाऊ आणि नवरा दोघंही राहिले असते.

गौतम पट्टीखालून म्हणाला, "मंग? पुढं काय झालं त्या प्रवाश्याचं?"

"चालून राहिला," गुणवंता रडत म्हणाला.

"चालू दे."

यावर गौतम वर्षभर एक शब्द बोलला नाही. मी राखी बांधली नाही. पुलावरून गुणवंता दिसला की मी तोंड फिरवायची, आणि घरी येऊन भांडी आपटायची.

मग पुन्हा पोळा आला. दुसऱ्या दिवशी दगड ऐन भरात असताना गुणवंता नदीत उतरला. हात रिकामे. ना कुऱ्हाड, ना दगड. दोन्हीकडचे ओरडत होते आणि तो त्या प्रवाशासारखा सरळ चालत होता. एक दगड खांद्यावर बसला, एक बरगडीत, तरी पावलं तशीच. झाडापाशी येऊन तो सावरगावच्या काठाकडे तोंड करून उभा राहिला. काठावर काळा चष्मा लावून गौतम होता.

"भाऊजी, मारा!"

गौतमने दगड उचलला. मी गच्चीवरून नको नको म्हणून किंचाळले. दगड गुणवंताच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला तिथवर ऐकू आल्यासारखा वाटला. तो पाण्यात कोसळला, आणि सगळ्यांत आधी उडी टाकली ती गौतमने. दगड पाठीवर झेलत त्याला खेचून बाहेर आणलं.

तोच दवाखाना. गुणवंताचा जबडा तारांनी बांधला. बाहेरच्या बाकावर मी गौतमवर तुटून पडले, "तुम्हाले त्याचा जीवच घ्यायचा होता का?"

गौतम म्हणाला, "उर्मिला, म्या हुकवूनच मारला होता. त्याच्या बाजूच्या झाडाले. एका डोळ्यानं अंदाजच येत नाही व." मग आतल्या दाराकडे बघत म्हणाला, "त्याले सांगू नको."

मी आत गेले. गुणवंताचा चेहरा सुजून भोपळा झाला होता, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत शांतता होती. त्याने खुणेने कागद मागितला, त्यावर लिहिलं, 'भाऊजीनं बराबर नेम धरला न?'

मी त्याचा हात धरला.

"हो रे," मी म्हटलं. "बराबर धरला."